भिंगरीचा डावा हात

एकच शर्ट एकाच जागी तिसऱ्यांदा उसवून आला, तेव्हा टाचणीमावशींचं डोकं फिरलं. डावी बाही, मागच्या अंगाला, काखेच्या वर चार बोटं. पहिल्यांदा दोरा कच्चा निघाला असेल म्हणून त्यांनी सोडून दिलं. दुसऱ्यांदा दुहेरी शिवण मारली. तिसऱ्यांदा मात्र शर्ट टेबलावर पसरून त्या त्याच्याकडे अशा बघत बसल्या, की जणू तो त्यांना उलटून बोलला होता.

एकतीस वर्षं त्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या त्या दुकानात कपडे शिवत होत्या. कापड विरेल, रंग उडेल, घालणारा माणूस फुगेल, पण मावशींचा टाका सुटणार नाही, अशी त्यांची ख्याती होती. तोंडात कायम तीन-चार टाचण्या, त्यामुळे त्यांचं निम्मं बोलणं ओठांच्या एका कोपऱ्यातून बाहेर पडायचं आणि ते कळायला नव्या गिऱ्हाइकाला वर्षभर जायचं. म्हणून नावच टाचणीमावशी पडलं. अर्धं दुकान त्यांचं, अर्धं त्यांच्या नवऱ्याचं. काका घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग लावून सकाळी वाकले की जेवायलाच सरळ व्हायचे, आणि दिवसभरात दहा-बारा वाक्यं बोलायचे. त्यांतली निम्मी नुसती "हं" असायची.

शर्ट होता भिंगरीचा. भिंगरी म्हणजे मावशींच्या धाकट्या बहिणीची मुलगी, वय वर्षं तेरा. बहीण नर्स, तिच्या पाळ्या आज सकाळी तर उद्या दुपारी, त्यामुळे शाळा सुटली की पोर मावशीच्या दुकानात. चालायला लागली तेव्हापासून ती खोलीतून सरळ अशी कधी बाहेर पडलीच नाही, गिरकी घेतच जायची, म्हणून भिंगरी. शाळेच्या सॉफ्टबॉल संघात ती पिचर होती, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारी. हा चेंडू खांद्यावरून फेकायचा नसतो, खालून टाकायचा असतो. हात रहाटासारखा एक आख्खा फेरा मारतो आणि मांडीपाशी आला की चेंडू सुटतो. पोरीला नावाला शोभेल असंच काम मिळालं होतं.

"या बाहीशी तुझं काय वैर आहे?" मावशींनी विचारलं.

वैर बाहीशी नव्हतंच. भिंगरीने मग सगळं सांगून टाकलं. दोन महिने झाले, तिचा चेंडू बिघडला होता. कधी बॅटरच्या अंगावर जायचा, कधी बॅटरच्या मागे बसून चेंडू पकडणाऱ्या कॅचरच्या हाताबाहेर. खेळाचे सर म्हणत होते, उजवा हात झकास आहे, घोळ डाव्या हाताचा आहे. चेंडू टाकताना ग्लोव्ह घातलेला डावा हात बाजूला भिरकावला जातो, त्याबरोबर खांदा उघडतो, अंग फिरतं आणि चेंडू भरकटतो. सर रोज सांगायचे, हात आत, हात आत. तिला तो कधी बाहेर गेला हेच कळायचं नाही. आता सरांनी सांगून ठेवलं होतं, की तीन आठवड्यांनी सामने आहेत, तोवर जमलं नाही तर तिला मैदानाच्या पार टोकाला उभी करतील, जिथे चेंडू पाहुण्यासारखा कधीमधी येतो.

मावशींना यातलं निम्मं कळलं नाही. जन्मात त्यांनी कुठला खेळ खेळला नव्हता. त्यांच्या लहानपणी मुलींनी पळायचं ते फक्त कुणी हाक मारली तर. पण खांदा ही त्यांची जहागीर होती. खांदा बघून त्या माणसाची नोकरी सांगायच्या, पिशवी कुठल्या हातात धरतो ते सांगायच्या, आणि नवराबायकोचं भांडण झालंय का तेही सांगायच्या, त्यात मात्र कधीकधी चुकायच्या.

"करून दाखव," त्या म्हणाल्या.

"इथे?"

"मग काय, सभागृह बुक करू?"

भिंगरी दोन मशीनच्या मध्ये उभी राहिली, हात फिरवला, आणि कपडे मापायचा बिनडोक्याचा पुतळा आडवा झाला. पुतळ्याने जाताना कोटांची दांडी बरोबर नेली. दांडीने काकांच्या टेबलाचा कोपरा गाठला आणि एका घड्याळाचं सगळं पोट जमिनीवर सांडलं. काकांनी भिंग वर केलं, पसाऱ्याकडे बघितलं, भिंग खाली केलं आणि चिमटा घेऊन गुडघ्यांवर बसले. मावशींचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी फक्त डावा हात पाहिला होता, आणि तो हात सरळ पुढे जाऊन सरळ कमरेपाशी परत आला होता. एखाद्या शहाण्या मुलीसारखा.

"पुन्हा," त्या म्हणाल्या. पुतळ्याला आधीच बाहेर नेऊन ठेवलं. पुन्हा हात सरळ गेला, सरळ आला. या हाताने शिवण उसवणं शक्यच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशींनी भर कामाच्या वेळी दुकान काकांवर टाकलं, हे पाहून समोरच्या न्हाव्याने एका गिऱ्हाइकाचा गाल अर्धवट सोडून दारात येऊन बघितलं. मावशी शाळेच्या मैदानावर पोचल्या. तिथे तर चमत्कारच. तीच पोर, तोच हात, पण आता डावा हात कोपरातून वळून दारासारखा बाहेर उघडत होता. सर कंबरेवर हात ठेवून ओरडत होते. प्रत्येक ओरडीला भिंगरीची मान आणखी खांद्यात जात होती.

काल आणि आज यांत फरक एकच होता. मावशींनी तो हेरला. काल हातात ग्लोव्ह नव्हता.

त्या सरळ मैदानात शिरल्या. सरांनी विचारलं, बाई, आपण कोण. मावशींच्या तोंडात सवयीने दोन टाचण्या होत्या, त्यामुळे उत्तर काही सरांना कळलं नाही. तोवर मावशींनी ग्लोव्ह स्वतःच्या हातात चढवला होता. आत एक मूठ जागा उरत होती. मनगटाचा पट्टा नुसता शोभेला होता. त्यांनी पोरीसारखा हात फिरवून बघितला, आणि ग्लोव्ह हातातून निसटून असा उडाला की सरांची टोपी घेऊन पलीकडच्या गवतात पडला.

मग संघाची कॅचर, जिच्या हातून काही सुटत नाही म्हणून जिला सगळे कुलूप म्हणायचे, ती खाली बसून हसायला लागली, आणि मग कुणालाच आवरेना. सर टोपी झटकत परत आले तेव्हा तेही हसू दाबत होते.

मावशींनी टाचण्या तोंडातून काढल्या, तेव्हाच त्यांना सांगायचं होतं ते महत्त्वाचं आहे हे भिंगरीने ओळखलं. मावशी म्हणाल्या, की पोर हात बाहेर टाकत नाहीये, पोर ग्लोव्ह धरून ठेवतेय. सरळ हात नेला तर तो उडून जाईल, म्हणून ती कोपर वाकवून त्याला हातातच अडकवते. दोन महिने तुम्ही हाताला बोलताय. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

सरांनी ग्लोव्ह घालून बघितला. त्यांच्या हाताला तो बरोबर बसत होता, त्यातच सगळं आलं.

आता ग्लोव्ह लहान करायचा तर एवढं सोपं नव्हतं. संध्याकाळी दुकानात भिंगरीने तो दोन्ही हातांनी छातीशी धरला. तो तिच्या चुलत बहिणीचा होता. ताई शाळेची सर्वांत नावाजलेली पिचर, आता नोकरीसाठी दूर गेलेली, आणि जाताना तिने तो स्वतःच्या हाताने भिंगरीला दिला होता.

"याला कात्री लावायची नाही," भिंगरी म्हणाली. "ताई यानेच खेळायची. तिचा चेंडू कधी चुकला नाही."

"ताईचा पंजा बघितलायस? त्यात कलिंगड मावतं. तुझ्यात लिंबू."

"होईन की मी मोठी."

"होशील तेव्हा सोडवून देईन. हे बघ, मोठ्याचा कोट घातला म्हणून कुणी मोठं होत नाही. बाह्या लोंबतात, आणि लोक बाह्यांकडेच बघतात." मावशींनी कात्री खणात टाकली. "कात्री लावणार नाही. शब्द देते."

भिंगरीने ग्लोव्ह पुढे केला. मावशींनी शब्द पाळला. कोटाच्या खांद्यात घालायच्या नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, पट्ट्या काढल्या आणि ग्लोव्हच्या आत, बोटाबोटाला, हाताने टाके घालून बसवल्या, हव्या तेव्हा उकलता येतील अशा. मनगटाच्या पट्ट्याला नवी भोकं पाडायची तर त्यांच्या टोच्याने कातडं ऐकेना. तेव्हा काका उठले. घड्याळाच्या पट्ट्यांना भोकं पाडायचा त्यांचा छोटा पंच होता, तो आणला, कट्ट करून एक भोक पाडलं, भिंगरीच्या मनगटाकडे बघितलं, "अजून एक," म्हणाले आणि दुसरं पाडलं. भिंगरीने ग्लोव्ह चढवून हात झटकला, झाडला, उलटा करून हलवला. ग्लोव्ह जागचा हलला नाही. त्या आनंदात तिने गिरकी घेतली आणि पुतळा पुन्हा आडवा झाला.

सगळ्यांना वाटलं, झालं काम. दुसऱ्या दिवशी मैदानावर हात तसाच बाहेर.

सर मावशींना हसले नाहीत, पण म्हणाले, की शेवटी जित्याची खोड, सवय लागली ती लागली. मावशी परत आल्या आणि अर्धा तास नुसती इस्त्री करत बसल्या. चुकीच्या जागी घडी पडलेलं कापड होतं, कितीही ओढलं तरी ती रेघ जाईना. मग त्यांनी वाफ दिली, हाताने नवी घडी घातली, दाबून धरली. पुन्हा वाफ, पुन्हा घडी. पाचव्या वेळेला रेघ गेली. त्यांनी इस्त्री बाजूला ठेवली आणि भिंगरीला हाक मारली.

दुकानाशेजारच्या बोळात त्यांनी वरून एक दोरी बांधली, आणि तिच्यावर अकरा हँगर अडकवले. भिंगरीने दोरीच्या शेजारी असं उभं राहायचं, की हँगर डाव्या बाजूला, हातभर अंतरावर येतील. डावा हात सरळ गेला तर शांतता. बाहेर गेला की खणखणाट.

पहिल्या संध्याकाळी चाळीस चेंडू टाकले आणि हँगर अडतीस वेळा वाजले. चेंडू अडवायला मावशी स्वतः बसल्या, छातीला उशी आणि गुडघ्यांना इस्त्रीखाली अंथरायची घोंगडी घडी करून बांधून. तो अवतार बघायला न्हाव्याच्या दुकानातली सगळी गिऱ्हाइकं गळ्यातल्या कापडांसकट बाहेर आली. सॉफ्टबॉलमध्ये सॉफ्ट काही नसतं हे मावशींना तिसऱ्याच चेंडूला कळलं. दुसऱ्या संध्याकाळी त्यांचा अंगठा एवढा सुजला की कात्रीत शिरेना, आणि तिसऱ्या दिवसापासून त्यांच्या जागी कुलूप येऊन बसली.

पण मावशींना आता चळ लागला होता. मशीनवर बसल्या तरी डोळ्यांपुढे तो हातच फिरायचा. गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंच्या कोटाला त्यांनी दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. बाई कोट घालून आरशापुढे उभ्या राहिल्या, बराच वेळ विचार करत होत्या की हे आपल्याच अंगात काही आहे का, आणि मग त्यांनी कारण विचारलं. मावशींनी कारण सांगायला सुरुवात केली आणि थेट बोळात नेऊन दोरी दाखवेपर्यंत थांबल्या नाहीत. डॉक्टरीणबाईंनी दवाखाना वीस मिनिटं उशिरा उघडला.

हात बाहेर जायचा कमी झाला, तर नवीनच सुरू झालं. बाहेर जायला वाव नाही म्हटल्यावर तो हात थेट खाली यायचा आणि ग्लोव्ह मांडीवर फाडकन आपटायचा. हँगर गप्प, मांडी लाल. त्याच दिवशी सर बोळात आले. ते हाताची घडी घालून बराच वेळ बघत राहिले. मावशी मग भिंगरीला मशीनपाशी घेऊन गेल्या.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "सुई आपली वरखाली करते, तिला काही कळत नाही. कापड सरळ ठेवतो तो हा डावा हात. तो भरकटला की शिवण गेली. म्हणून तो सोडायचा नाही आणि आपटायचाही नाही. पुढे न्यायचा, मग ओढून घ्यायचा."

मग त्यांनी मापाची टेप काढली. एक टोक कुलपाच्या हातात, दुसरं भिंगरीच्या डाव्या हातात. उजवा हात वर जाईल तेव्हा डावा पुढे नेऊन कुलपाकडे टेप सोडायची, चेंडू सुटेल तेव्हा डाव्या कमरेच्या हाडाशी ओढून घ्यायची, टेप ताठ आणि सरळ. भिंगरीने आधी चेंडूशिवाय पंचवीस वेळा केलं. मग टेप सोडून, ती आहे असं समजून केलं. मग चेंडू घेतला.

हँगर वाजले नाहीत. मांडी वाजली नाही. फक्त कुलपाच्या ग्लोव्हमध्ये चेंडू बसल्याचा आवाज आला, आणि तो इतका गच्च होता की न्हावी आतून म्हणाला, "हा काय होता?"

सर मावशींपाशी आले. त्यांनी शिट्टी खिशात टाकली. "मी तीनशे वेळा सांगितलं असेल, हात बाहेर नको," ते म्हणाले. "न्यायचा कुठे, ते कधी सांगितलंच नाही हो मी."

मावशींना सरांबद्दल पहिल्यांदाच बरं वाटलं. त्यांनी त्यांच्या खांद्याकडे बघितलं आणि सांगितलं, तुमचा उजवा खांदा बोटभर खाली आहे, शर्ट माझ्याकडेच टाकत जा.

सामन्याच्या दिवशी दुकानाला कुलूप लागलं. काका आले, डॉक्टरीणबाई आल्या, भिंगरीची आई पाळी बदलून आली, आणि न्हावी आला तो एका गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीनिशी बरोबर घेऊनच. भिंगरी चेंडू टाकायला उभी राहिली आणि तिचे पहिले चारही चेंडू बाहेर गेले. चार बाहेर गेले की बॅटर फुकटात पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यावर. आईने डोळे मिटले. मावशींच्या तोंडात टाचण्या नव्हत्या, म्हणून त्या पदराचं टोक चावत होत्या. त्यांना दिसत होतं, हात बरोबर आहे, भीतीने बोटं तेवढी चेंडू आधी सोडतायत.

कुलूप उठून भिंगरीपाशी गेली. काय बोलली कुणास ठाऊक, पण तिने डावा हात पुढे केला आणि भिंगरीने तो टेप धरल्यासारखा हळूच ओढला. दोघी हसल्या. पाचवा चेंडू मधोमध गेला. सहावाही. नवी बॅटर हवेतच बॅट फिरवून परत गेली, मग पुढची गेली, आणि तिसरीने चेंडूला बॅट लावली तर तो पोरीने स्वतःच पकडला. मावशींना एकाएकी उभं राहवेना आणि बसवेना. त्यांनी शेजारी बघितलं, तर काका, चाळीस वर्षांच्या संसारात ज्यांनी आवाज चढवला नव्हता ते काका, बाकावर उभे राहून शिट्टी वाजवत होते. दोन बोटं तोंडात घालून, उनाड पोरासारखी. ही विद्या त्यांना येते हे मावशींना त्या दिवशी कळलं.

तो सामना त्यांनी दोन धावांनी जिंकला. दुसरा एका धावेने हरल्या, कारण टोकाला उभ्या असलेल्या मुलीच्या डोळ्यांत ऊन गेलं आणि चेंडू सुटला. भिंगरीने मात्र त्या दोन सामन्यांत नऊ जणींना रिकाम्या हाताने परत पाठवलं. संध्याकाळी तिने ताईला फोन लावला, आणि सामन्याचं राहिलं बाजूला, अर्धा तास नमद्याच्या पट्ट्या कशा बसवल्या तेच सांगत होती. ताई म्हणाली, की तिलाही तो ग्लोव्ह सुरुवातीला मोठाच होत होता, ती आत पायमोजा कोंबायची.

त्यानंतर सरांनी मावशींना आठवड्यातून दोनदा मैदानावर यायची गळ घातली. मावशी घडीची खुर्ची घेऊन कडेला बसतात, मुलींचे खांदे बघतात आणि ओठांच्या कोपऱ्यातून काय ते सांगतात. मुलींना त्यांचं बोलणं आठवड्याभरात कळायला लागलं.

एके दिवशी सराव संपला तेव्हा भिंगरीने चेंडू त्यांच्या हातात ठेवला. मावशी नाही म्हणाल्या, वय छप्पन्न आहे म्हणाल्या, अंगठा दुखतो म्हणाल्या, आणि हे सगळं म्हणत म्हणत रेषेवर जाऊन उभ्या राहिल्या. समोर कुलूप बसली. मावशींनी डावा हात पुढे केला, उजवा हात गरकन फिरवला आणि चेंडू सोडला. तो पुढे गेलाच नाही. हात वर असतानाच सुटला आणि सरळ आभाळात गेला. नऊही मुली माना वर करून बघत राहिल्या, सरांनी हाताने टोपी धरली, आणि मावशी डोळ्यांवर आडवा हात धरून, तोंडभर हसत, चेंडू कुठे पडणार याचा अंदाज घेत मागे मागे पळत सुटल्या.